गिरीशची तिसरी कॉइल

गिरीशचा पहिला राग त्या चिनी नळीवर होता. सिगारेट सुटावी म्हणून त्याने इंटरनेटवरून ही बॅटरीवर चालणारी, वाफ सोडणारी सिगारेट मागवली होती. सन दोन हजार आठ, परदेशातल्या त्या अख्ख्या बॉथेल गावात तसली वस्तू कुणाकडे नसेल. महिन्याभरात तिच्यातली तापणारी कॉइल जळाली. नवी चीनहून यायला वेळ लागणार आणि इकडे तलफ जीव खातेय. त्यात बायकोने, नीलाने बजावलेलं, "घरात पुन्हा धूर दिसला, तर उर्वीला घेऊन मी नेपरव्हिलला दादाकडे जाईन." नीला बोलते ते करते.

"मी इलेक्ट्रिकलचा आहे," असं गुरगुरत तो स्वतःच कॉइल वळायला बसला. डिग्रीनंतर पठ्ठ्याने पकडसुद्धा हातात धरली नव्हती, पण ताठा केवढा! तारेच्या वेढ्यांत घालायला कापूस हवा, म्हणून देवघरातली फुलवात उचलली. ती सासूबाईंनी तुपात भिजवून ठेवलेली. पहिल्याच झुरक्याला जळकं तूप छातीत गेलं आणि स्वारी सिंकवर ओणवी.

"देवाचं तरी सोडा, गिरीशराव," शरयूबाई म्हणाल्या. लेकीकडे राहायला आल्यापासून जावयाशी त्या एवढंच बोलत.

"तुम्ही मध्ये पडू नका, आई!"

दुसऱ्या खेपेला वात कोरडी घेतली. पण वेढे एकमेकांना चिकटले होते आणि मीटर लावून बघायचा त्याने आळस केला. शॉर्ट झालं. किचनच्या ओट्यावर सेल तापला, फुसफुसला आणि फुटला. शेजारी होमवर्क करणारी उर्वी किंचाळत पळाली. नीलाने तिला खोलीत नेऊन दार आतून लावून घेतलं. त्याला तेच जास्त झोंबलं.

मग मात्र मस्ती जिरली. गॅरेजमध्ये, गाडीच्या मागे, त्याने टेबल मांडलं. डोळ्यांवर चष्मा चढवला, वेढे सुटे ठेवले, मीटरने रेझिस्टन्स मोजला आणि मगच सेल बसवला. स्वच्छ वाफ आली.

"जमलं! नीला, जमलं!"

आतलं दार उघडलं. नीलाच्या हातात बॅगा, मागे शरयूबाई आणि त्यांच्या आड उर्वी.

"बाबा, इज इट गोइंग टू ब्लो अप अगेन?"

"नाही गं राणी. कुठं चुकलो ते कळलंय आता."

"आमच्या जिवावर शिकलास," नीला म्हणाली. "टेबल बाजूला घे. गाडी काढायचीय, फ्लाइट मिस होईल."

चांगलं खडसवावं म्हणून त्याने तोंड उघडलं. उर्वी आजीच्या पदराआड आणखी सरकली. त्याने आधी सेल काढून वेगळा ठेवला आणि मग टेबल भिंतीशी नेलं.