ओठांतल्या टाचण्या

...तर टेलरमास्तर पुन्हा नाकात पाणी जाऊन ठसकत वर आले आणि पोहण्याच्या तलावाचा कठडा असा धरला की उसवूनच हातात यावा! पोहायला शिकवणारी पोरगी वरून ओरडली, "मास्तर, तोंड उघडा! श्वास तोंडानं घ्यायचा!" मास्तरांनी मान डोलावली आणि ओठ आणखी घट्ट मिटले.

आता चालण्यावरून गिऱ्हाइकाची कंबर सांगणारा हा शहाणासुरता माणूस उतारवयात अर्ध्या चड्डीवर पाण्यात उतरलाच का? नातीपायी. दर सुट्टीला आजोबा-नात तळ्यावर जायची, मापांच्या जुन्या कागदांच्या होड्या करून सोडायची. एकदा होडीमागे वाकताना पोरीचा पाय घसरला. तिथं पाणी खोल. मास्तर काठावर खांबासारखे उभे! पाय हलेनात, हाक फुटेना. शेजारी गळ टाकून बसलेल्या माणसानं उडी मारून तिला वर काढलं.

पोर संध्याकाळपर्यंत हसायला लागली, मास्तर काही हसेनात. सूनबाई भली, उलटून बोलली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्हाला पोहता येईस्तोवर हिला तळ्यावर नका नेऊ." चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं! आणि नात रोज विचारायची, "आजोबा, होडी कधी?"

म्हणून हा खटाटोप. शेजारच्या दुकानातला चष्मेवाला तर टपूनच बसलेला. "काय मास्तर, पाण्याला अस्तर लावून झालं का?"

एकदा ती शिकवणारी पोरगी दुकानात आली, विजारीची लांबी कमी करून घ्यायला. मास्तर गुडघ्यांवर बसले, ओठांत टाचण्यांची रांग, आणि ती काही विचारेल त्याला नुसतं "हं, हं". ती बघतच राहिली.

"अहो मास्तर, तोंड उघडलं तर?"

मास्तरांनी टाचण्या एकेक करून काढल्या. "तर टाचणी पोटात. उस्तादानं पहिल्याच दिवशी थोबाडीत देऊन शिकवलंय. उभा जन्म मिटल्या तोंडानं काढलाय, पोरी."

ती स्टुलावर बसून पोट धरधरून हसली. दुसऱ्या सकाळी तलावात म्हणाली, "समजा, ओठांत टाचणी आहे. डोकं पाण्यात घाला आणि फूऽऽ करून ती तळाला सोडा. मग तोंड रिकामं. रिकामं तोंड उघडायला भीती कसली?"

मास्तरांना हे पटलं. डोकं घातलं, फूऽऽ केलं, बुडबुडे आले. मान वळवून तोंड उघडलं तर काय, आत सरळ हवा! पोटात ना टाचणी, ना पाणी. आनंदानं त्यांनी पाण्यावर अशी थाप मारली की पोरगी नखशिखांत भिजली.

पुढं एका सकाळी सूनबाई नातीला घेऊन तलावावर आली. मास्तर निघाले. हात बोथट कात्रीसारखे अडत अडत चालत होते, पण चालत होते. एकेक टाचणी तळाला सोडत पठ्ठ्या कुठंही न थांबता पलीकडच्या काठाला लागला. नात टाळ्या पिटत नाचली. सूनबाई वाकली, डोळे पुसत म्हणाली, "बाबा, उद्या सुट्टी आहे. न्या हिला तळ्यावर."

मास्तरांना धाप लागली होती. कठडा धरून, तोंड चांगलं उघडून ते म्हणाले,

"नेतो की! पण सूनबाई, आता तूही शिकून घे. काठावर नुसतं उभं राहून बघणं फार वाईट गं, मी बघितलंय."