बिबडे थापणाऱ्या अक्का

आमच्या गल्लीत बिबडे, म्हणजे ज्वारीचे वाळवणाचे पापड, करायला येतात त्या अक्का थापताना गुणगुणतात, कुणाकडे बघत नाहीत. मी बाळंतपणापासून खाल्लं की भिंतीआड जाऊन ओकते, घरात कुणाला माहीत नाही, आणि दूध आटलं तर बाळाचं काय, हीच सारखी काळजी. काल अक्कांनी ज्वारीच्या शिजवलेल्या गरम पिठाचा गोळा तेल लावून माझ्या हातावर ठेवला.

"खाय वं माय, मी नई देखस."

खाल्ला आणि उठायला लागले, तर त्यांनी बाळच मांडीवर आणून ठेवलं.

"याले झोपू दे, मंग जाय. भिंतीआड मीबी जायेल शे."

म्हणजे त्याही कधीतरी भिंतीआड गेल्या होत्या. आणि परत गुणगुणायला लागल्या. बाळ पीत पीत झोपलं, अंगणभर ओले बिबडे उन्हात चमकत राहिले, मी काही उठले नाही.