बिनवासाची गाडी

बुद्धघोषच्या लाल स्पोर्ट्स कारमध्ये काकवी मी सांडली. सांडली म्हणजे थेंबभर नव्हे, आख्खा कॅन. गुऱ्हाळावर घेतली तेव्हाच तो म्हणाला होता, मास्तर, डिकीत ठेवा. मी म्हटलं, मांडीवर धरतो, तिथं जास्त सुरक्षित. कळस गावाच्या अलीकडे एक गतिरोधक आहे. गाडी जमिनीला पोट लावून चालणारी. मी उडालो आणि कॅनचं झाकण माझ्याही वर उडालं.

काकवी घाई करत नाही. आधी ती माझ्या पँटवर आली, मग नव्याकोऱ्या मखमली शिटावर ऐसपैस पसरली, शिवणीतून आत उतरली आणि उरलेली पायाखालच्या गालिच्यात शांतपणे मुरली. बुद्धघोषनं गाडी कडेला घेतली, उतरला, बांधावर जाऊन थुंकला आणि परत येऊन बसला. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

हा बुद्धघोष माझा शेजारी, इंदापूर डेपोत एसटीचा कंडक्टर. सगळी नोकरी लोकांच्या ओकाऱ्यांत गेली. गाडीत चढणाऱ्याचा चेहरा पाहून तो सांगतो, हा भिगवणपर्यंत टिकायचा नाही, ही बाई निदान चौफुल्यापर्यंत दम काढेल. शिटाखाली वाळूची बादली, खिशात वेलदोडे आणि तोंडावर कायमचा आंबट भाव. मला तो एकदा ओकाऱ्यांचे प्रकार समजावून सांगत होता. माझ्या ताटात तेव्हा शेवभाजी होती. ती मी अजून खात नाही.

आणि गंमत बघा, या माणसाच्या आईला गाडी लागते. तुळसाबाई एसटीत बसत नाहीत, वडापच्या जीपमध्ये बसत नाहीत. दार लागलं आणि शिटाचा वास नाकात गेला की संपलं. ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा मोटरसायकल, उघड्यावरचं काहीही त्यांना चालायचं. पण आता गुडघ्यांनी तेही बंद केलं. त्यांची धाकटी बहीण छबूबाई सोमेश्वरनगरला खुबा मोडून अंथरुणावर आहे. दोघी रोज फोनवर बोलतात. फोन ठेवायच्या आधी छबूबाई रोज तेच विचारतात, "आक्का, मी हाय तवर येतीस का गं?"

तर ही गाडी त्यासाठी. पुण्यातल्या एका हौशी माणसाची दोन शिटांची स्पोर्ट्स कार. तिचं छप्पर उघडलेलं होतं ते पुन्हा मिटायलाच तयार नव्हतं. या एका दोषापायी सगळी गिऱ्हाइकं पळाली आणि बुद्धघोषनं त्याच गुणावर भाळून ती घरी आणली. कंडक्टरनं स्पोर्ट्स कार घेतली म्हणून गावात जी चर्चा झाली ती इथं लिहिण्यासारखी नाही.

पण उघड्यावर पावसाळे काढल्यामुळं आत बुरशी माजली होती. वास असा, की शेजारी बांधलेली शेळी तोंड फिरवून बसे. बुद्धघोषनं कुणाला हात लावू दिला नाही. मोबाईलवर व्हिडिओ लावायचा आणि एकेक भाग स्वतः खोलायचा. शिटं उचकटली तेव्हा मी नाक दाबून हजर होतो. सिगारेटची थोटकं, कुत्र्याचे केसच केस, दगड झालेलं च्युइंगगम, आणि फोमच्या पोटात उंदराचं घरटं, मूळ मालकासकट. मालक बऱ्याच दिवसांपूर्वी वारला असावा.

"एसटी बरी ह्यापरीस," बुद्धघोष म्हणाला. हातमोजे काढून त्यानं ते पेटवून दिले.

मग घडणीला सुरुवात झाली. फोम नवा, गालिचा नवा. काळं मखमली कापड बारामतीहून आणलं आणि त्याच्या बायकोनं, पिंकीनं, त्यावर लाल दोऱ्याची शिवण घातली. डॅशबोर्डला तेच कापड चिकटवलं. स्टिअरिंगला त्यानं स्वतः दाभण घेऊन चामडं शिवलं. फोटो काढून छापावा असं देखणं काम. पण परीक्षक होत्या तुळसाबाई. प्रत्येक टप्प्याला त्या काठी टेकत बाहेर यायच्या, गाडीत डोकं घालायच्या आणि पदर नाकाला लावून माघारी जायच्या. नवा फोम, तर नापास. चिकटवायचं सोल्युशन, तर "काय मेलंय आत?" डॅशबोर्डला पॉलिश केलं त्या दिवशी त्यांनी आत डोकंसुद्धा घातलं नाही, उंबऱ्यातूनच म्हणाल्या की मला वकारी आली. मग पॉलिश पुसायचं, गाडी उन्हात ढकलायची, पुन्हा वाट बघायची. शेवटी एका सकाळी त्यांनी डोकं घातलं, बाहेर काढलं आणि काहीच म्हणाल्या नाहीत. बुद्धघोषनं ताबडतोब मंगळवारची सुट्टी टाकली. छबूबाईंना फोन गेला. एक चक्कर मारून बघू म्हणून तो निघाला आणि मी हौसेनं शेजारी बसलो. त्यानंतरचं वर आलंच आहे.

घरी येताच मी गरम पाणी ओतलं. मदत म्हणूनच ओतलं. जी काकवी वरवर होती ती त्या पाण्याबरोबर पार तळाच्या फोमपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागली, आधी काळ्या, मग लाल. मग माशा आल्या. मग ती आतल्या आत आंबली आणि दारूच्या भट्टीसारखा असा काही भपकारा सुटला, की दोन अनोळखी माणसं फाटकात येऊन आशेनं विचारून गेली. गालिचा दाबला की खालून फेस यायचा. मी तो एकदा बोटानं दाबून पाहिला. तो हात मी दिवसभर खिशात घातला नाही.

तुळसाबाई अंगणाच्या निम्म्यातूनच परत फिरल्या. "छबीला सांग, माझं काय यायचं व्हत न्हाय," एवढंच त्या म्हणाल्या. बुद्धघोषनं फोन लावला नाही. त्यानं पाने-पकडी काढल्या. मी पुढं झालो तर माझ्या हातातली पक्कड त्यानं हळूच, पण काढून घेतली.

मंगळवारी मायलेक पहाटेच गेले, मी उठायच्या आत. संध्याकाळी तो एकटाच परतला; आईला बहिणीकडं ठेवून आला होता. मी जाऊन गाडीत डोकावलो आणि खरं सांगतो, मला शिसारी आली. मखमल गेली होती, लाल शिवण गेली होती, डॅशबोर्डचं कापड, गालिचा, फोम, दारांचं अस्तर, सगळं उकिरड्यावर पडलं होतं. आत नुसता घासून पुसून काढलेला पत्रा. स्क्रू दिसताहेत, वायरी लोंबताहेत. शिटांच्या लोखंडी सांगाड्यांवर बाजेसारखी सुती नवार विणलेली. बाहेरून नवरदेवासारखी लाल गाडी आणि आतून रॉकेलचा रिकामा डबा.

माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "बुद्धघोष, बघवत नाही रे. असली कुठं स्पोर्ट्स कार असते का?"

तो ओल्या फडक्यानं नवार पुसत होता. मान वर न करता म्हणाला,

"आई वकली न्हाय."