माधुरीच्या फॉर्मची मागची बाजू

भिंगारच्या बुद्धविहारामागच्या खोलीत दर रविवारी वधू-वर मंडळ भरायचं. मंडळाला अध्यक्ष होते, सचिव होते, त्यांचे फोटो भिंतीवर होते. काम मात्र एकट्या पुष्पावतीबाईंचं. नवरा मिलिटरीच्या डेपोत होता, तो गेल्यापासून बाईंनी दुसऱ्यांचे संसार जुळवायला घेतले होते. प्रत्येक फॉर्मच्या तळाशी त्यांनी हट्टानं एक ओळ छापून घेतली होती: 'ही माहिती गुप्त राहील.' ती त्या जिवापाड पाळत. मुलीकडच्यांना विचारल्याशिवाय पत्ता देत नसत. कुणी कितीही खोदून विचारो, बाई ब्र काढत नसत.

एक सवय तेवढी होती. फॉर्म कुणी पाहिला की मागच्या बाजूला पेन्सिलीनं त्या घराचं नाव आणि तारीख लिहायची. तेच स्थळ त्याच लोकांपुढं पुन्हा ठेवायला नको, एवढाच हेतू. हे मुलींना सांगावं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

१९९६च्या उन्हाळ्यात पारनेरचे सहादेव पुतण्यासाठी मुलगी बघायला आले. बालवाडीत शिकवणाऱ्या माधुरीचा फॉर्म त्यांना पसंत पडला. सव्वीस वर्षांची शांत पोर. तिचं जमावं म्हणून बाई चार वर्षं झुरत होत्या. आनंदानं त्या चहा सांगायला गेल्या. परत आल्या तेव्हा सहादेव फॉर्म उलटा करून बोटानं मोजत होते.

"बत्तीस घरांनी बघितली व्हय ही पोरगी? आन् एकानंबी केली न्हाई?"

"आवो, निसता फॉर्म चाळलाय त्यांनी," बाई काकुळतीला आल्या. "पोरीला तर कुनी भेटलंबी न्हाई."

"बत्तीस घरं येडी नसत्यात, ताई."

चहा तसाच ठेवून सहादेव जयभीम घालून निघून गेले.

आठवडाभरात बत्तीसचा आकडा गावभर झाला. माधुरी आली. रडली नाही. फॉर्म मागून घेतला आणि मागची यादी वाचत बसली. त्यातली निम्मी नावं तिनं कधी ऐकलीही नव्हती.

"ताई, एवढी लोकं मला बघून गेली, आन् मलाच कसं ठाऊक न्हाई?"

बाईंना इतकी लाज वाटली की मान वर होईना. त्याच दुपारी त्यांनी खोडरबर घेऊन सगळ्या फॉर्मांच्या मागच्या बाजू पुसून काढल्या. झालं भलतंच. लोक आता फोटोच्या आधी फॉर्म उलटायचे, उजेडात धरून पेन्सिलीचे वळ शोधायचे आणि "पुसलंय म्हंजे लईच आसतील" म्हणून बाजूला ठेवायचे. सचिवांनी कानांवर हात ठेवले. मागं काय लिहावं, काय लिहू नये, याचा नियमच मंडळात नव्हता, मग तो मोडला असं तरी कसं म्हणायचं!

शेवटी बाईंनी माधुरीचा जुना फॉर्म चुलीत घातला. तिला शेजारी बसवून, एकेक ओळ विचारून नवा भरला. पाठीमागं काही लिहिणार नाही, असा तिला शब्द दिला.

थंडीच्या दिवसांत राहात्याहून एक पाहुणी आली. माधुरी त्या दिवशी तिथंच बसली होती. पाहुणीनं फॉर्म उलटा केला, कोऱ्या कागदावरून अंगठा फिरवला.

"ह्यो कागद नवा दिसतोय," ती म्हणाली. "हिचा जुना फॉर्म कुठंय?"