स्पीकरचं चुंबक

कळसच्या भागूबाईचा थोरला लेक दादासो मेंढी कातरायला बसला की लोक बघत उभे राहायचे. कातर अशी फिरायची की लोकर घोंगडीसारखी एकसंध उलगडून यायची. पुढं मेंढरं विकली, कालव्याच्या पाण्यावर कांदा आला, तरी कातरणीला त्यालाच बोलावणं यायचं. चाळिशी ओलांडली आणि उजवा हात थरथरू लागला. मग चालता चालता पाय जमिनीला चिकटायला लागले. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा कंपवात, पार्किन्सन. गोळ्या जन्माच्या.

गोळ्यांनी त्याला मळमळायचं. लहान पोरावर ठेवावा तसा त्याच्यावर पहारा ठेवून भागूबाई थकून गेली होती.

सत्त्याण्णव साली पुण्याच्या एका दवाखान्यात नव्या उपचाराची चाचणी निघाली. तिथं ती त्याला घेऊन गेली. डोक्याला चीर नाही, सुई नाही. डॉक्टरीणबाई आठाच्या आकड्यासारखं वेटोळं केसांवर धरायच्या आणि ते टकटक वाजायचं. "विजेनं यात चुंबक तयार होतं, ते मेंदूला चालना देतं," त्या म्हणाल्या. "पण हा अजून प्रयोग आहे. गुण आला तरी टिकेलच असं नाही. गोळ्या सोडायच्या नाहीत."

आठवड्यानं दादासोनं सदऱ्याची बटणं स्वतः लावली. भागूबाई भरल्या डोळ्यांनी बघत राहिली. दादासोनं मात्र त्या सगळ्यातला एकच शब्द घरी आणला : चुंबक.

महिन्याभरात गुण ओसरला. भागूबाईचा भाऊ म्हस्कू लग्नाकार्यात स्पीकर भाड्यानं द्यायचा. तो एका फाटक्या स्पीकरचं चुंबक काढून घेऊन आला.

"आक्का, पुण्याला कशापायी हेलपाटं? चुंबक ते चुंबकच की."

"ते विजेचं असतंय, म्हस्कू."

"मग ह्ये काय रॉकेलवर चालत हुतं? आख्खी वरात नाचवलीया ह्यानं. एक हात थांबवाया कितीसा येळ?"

दादासो हसला. किती दिवसांनी. चुंबक डोक्याच्या पटक्यात बांधून तो हिंडू लागला, आणि गोळ्या जिभेखाली धरून गोठ्यामागं थुंकू लागला.

भागूबाईला ते कळलं कांद्याच्या रानात. पाणी धरता धरता तो वाफ्यात खांबासारखा ताठ उभा राहिला होता. पाणी घोट्याच्या वर चढलं तरी पाऊल उचलेना, हाक फुटेना. म्हस्कूनं आणि तिनं त्याला उचलून घरी आणलं.

"गोळी घे, दादा."

"चुंबक हाय की, आये." जीभ जड झाली होती. "गोळीनं ढवळतंय."

ती चुंबक काढून घ्यायला गेली, तर त्यानं थरथरत्या हातांनी पटका गच्च धरला. भांडायला तिच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. ती त्याच्यापाशी बसली.

"दादा, चुंबक कशाला वढतंय?"

"लोखंडाला."

"मग तुझ्या डोस्क्यात लोखंड कुठनं येणार? ते गोळीत असतंय. गोळीच न्हाय घेतली तर त्यानं वढायचं काय, माझं कपाळ?"

म्हस्कूनं तिच्याकडं बघितलं आणि ओशाळून मान हलवली. "व्हय रं. आक्का म्हंतीया ते खरं हाय."

दादासोनं पटक्यावरून चुंबक चाचपलं. मग त्यानं तोंड उघडलं. भागूबाईनं गोळी जिभेवर ठेवली, वर पाणी पाजलं, आणि ती उतरली का ते तोंडात वाकून बघितलं. धडपडीत पटक्याची गाठ सैल झाली होती. तिनं ती आपल्या हातानं पुन्हा आवळली. संध्याकाळच्या गोळीला हेच खोटं परत सांगावं लागणार होतं.