ब्रेकगुरुजींची चौथी खेप

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय, बाबा. पाय दुखायला लागला."

गल्लीच्या टोकाला गॅरेज चालवणाऱ्या या बाबांना सगळे ब्रेकगुरुजी म्हणत. इंजिन बिघडलं की लोक कुठेही जात, पण ब्रेकचं काम म्हटलं की यांच्याकडेच. चाळीस वर्षांत माझ्या हातची एक गाडी ठोकली नाही, असं स्वतः गुरुजी येताजाता ऐकवत. आज मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

गाडी त्यांच्या मुलीची होती. तीस वर्षांपूर्वीची, दोन दारांची, शर्यतीची. भंगारातून आणून बापलेकीने तीन वर्षं खपून उभी केलेली. उद्या सकाळी ती घेऊन मुलगी डोंगररस्त्याच्या शर्यतीत उतरणार होती. एकोणीस वळणं, सगळी उताराची. आणि ब्रेकचं पॅडल पहिल्या दाबाला उशीत पाय रुतावा तसं खाली जात होतं! दोनदा मारलं की कडक. जरा थांबलं की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

म्हणजे आत हवा अडकलेली. पण तीनदा हवा काढून झाली होती. नळीतून येणाऱ्या तेलात बुडबुडा औषधालाही नव्हता. मास्टर सिलिंडर नवा, पाइप कोरडे, गळती कुठेच नाही.

"दोनदा मारलं की लागतोय ना? मी दोनदा मारत जाईन," मुलगी म्हणाली.

"गप बस! वळणावर दुसऱ्यांदा मारायला वेळ कोण देणार तुला?"

ते एवढ्या जोरात ओरडले की तीही चपापली. बाबा कामात असे कधी ओरडत नसत. त्यांना भयंकर भीती वाटत होती. चार महिन्यांपासून त्यांना सगळं धुरकट दिसत होतं. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता. घरात त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. ब्रेकवाल्याला नीट दिसत नाही म्हटल्यावर गॅरेजकडे कोण फिरकणार?

चौथ्यांदा हवा काढायला ते पुढच्या चाकाशी वाकले. हवा सोडायचं निपल दिसेना, म्हणून हाताने चाचपलं. बोटं चाकाची चकती पकडणाऱ्या कॅलिपरवरून खाली घसरली आणि तिथेच थांबली. निपल खालच्या बाजूला होतं.

ते असतं वर. हवा वर चढते, तिथूनच बाहेर पडते. निपल खाली, तर हवा वर बसून राहणार, वर्षभर तेल सोडलं तरी. कॅलिपर खोलले की गुरुजी कानशीने खूण करत, डाव्यावर एक खाच, उजव्यावर दोन. त्यांनी डाव्या चाकाच्या कॅलिपरवर नख फिरवलं. एक. दोन.

डाव्याचा उजवीकडे, उजव्याचा डावीकडे. शिकाऊ पोरानेही केली नसती अशी चूक.

"काय झालं, बाबा?"

उलटे बसले होते, सुलटे करतो, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. अर्ध्या तासाचं काम होतं. पण डोळ्यांसमोर दुसऱ्याच गाड्या येत होत्या. चार महिन्यांत हातावेगळ्या केलेल्या.

"कामाची वही आण. चार महिन्यांपासूनची पानं काढ."

तिने वही आणून पुढे धरली. त्यांनी ती परत ढकलली.

"तूच वाच. मला दिसत नाही गं."

तिने वही परत घेतली. मग पानं उलटू लागली. अकरा गाड्या निघाल्या. पहिलीच शाळेची व्हॅन. तिने फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"गुरुजी!" व्हॅनवाला खुशीत होता. "ब्रेक झकास! दोनदा मारला की जागच्या जागी उभी राहते बघा."

गुरुजींनी एकच विचारलं.

"पोरं आत आहेत का?"

"अजून नाहीत. शाळा सुटेल आता दहा मिनिटांत."

"एकालाही बसवू नकोस. चावी काढ. माझ्या हातून चूक झाली आहे, मी येतोय."

मुलीने आपल्या शर्यतीच्या गाडीची चावी खिळ्याला टांगली आणि शेजाऱ्यांची स्कूटर मागायला धावली.