वाघदेवाचा वाटा

बाईच्या डोक्याची कातडी कपाळापासून मागे उलटली होती आणि ती शुद्धीवर होती. मी धुवत होते, टाके घालत होते, आणि दातओठ खात होते. राग कुणावर काढावा हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. तो माझ्यावरच निघायचा होता, हे काम आटोपल्यावर कळलं.

पासष्ट-सहासष्टच्या सुमाराची गोष्ट. आम्ही कोल्हापूरकडचे. नवरा बोईसरला एका रस्त्याच्या ठेकेदाराकडे मिस्त्री होता आणि त्याच ठेकेदाराच्या पत्र्याच्या दवाखान्यात मी नर्स होते. डॉक्टर पालघरहून आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस मीच डॉक्टर. सुरुंगानं बोटं उडालेली माणसं यायची, खडी फोडताना डोळ्यात कपची गेलेली यायची, पगाराच्या दिवशी एकमेकांची डोकी फोडून दोघंही एकाच बाकावर येऊन बसायची. मला रक्ताचं काही वाटत नसे. तोंडही माझं फटकळ. टाके घालताना कुणी विव्हळला, तर मारामारी करताना कुठं गेली होती ही अक्कल, असं मी विचारायची.

ही बाई मात्र मारामारीतली नव्हती. डोंगरातल्या वारली पाड्यावरची. पहाटे झोपडीबाहेर आली आणि बिबट्यानं मागून झडप घातली. पाड्यावरच्या माणसांनी ओरडून, पेटते पलिते फेकून त्याला हुसकला, तोवर एक कान गेला होता आणि डोकं सोललं होतं. बांबूला झोळी बांधून तिचा नवरा आणि आणखी तिघं तिला घेऊन आले. मी सव्वीस टाके घातले. नवरा दारात उकिडवा बसून राहिला. पन्नाशीचा, सुकलेला, कमरेला कोयता. पाणी दिलं तर तेही घेतलं नाही.

काम आटोपल्यावर मी हात धुवायला बाहेर आले तेव्हा तो आपण होऊन बोलला. ती माणसं बिबट्यालाही वाघच म्हणतात. त्यानं सांगितलं ते असं: त्यांच्या शेताच्या कडेला वाघदेव होता. सागाचा खांब, त्याच्या बापानं बसवलेला. त्यावर वाघ, नाग, चंद्र, सूर्य कोरलेले. दर वाघबारशीला, दिवाळीच्या तोंडावर, त्याला शेंदूर लावायचा, कोंबडा द्यायचा. तो वाघाचा वाटा. वाटा मिळाला की वाघ माणसाला आणि गुराला शिवत नाही. बापाच्या वेळेपासून कधी शिवला नव्हता. दोन पावसाळ्यांपूर्वी रस्त्याच्या कामात यंत्रानं बांध उकरला आणि वाघदेव गेला. मागच्या वाघबारशीला तो कोंबडा घेऊन नुसता उकरलेल्या मातीपाशी उभा राहिला आणि परत आला. नवा का नाही बसवला, असं मी विचारलं. जुना कुठंतरी उभा असताना नवा बसवत नाहीत, असं म्हणाला.

मग कोयत्यावर हात ठेवून, आवाज जरासुद्धा न चढवता म्हणाला, "ज्यानं त्याला दुसऱ्याच्या हाती दिला, तो माला गावू दे. त्याचं हात तोडीन मी."

मी हात पुसत होते. पुसतच राहिले.

तो वाघदेव मी दिला होता. उकरलेल्या राडारोड्यात तो खांब माझ्या नवऱ्याला सापडला. चांगला साग आहे, मोरीच्या छपराला टेकू होईल म्हणून त्यानं तो घरी आणला. मी मात्र त्याचा शेंदूर बघितला आणि घाबरले. कुणाचा कोण देव, काय कोप करील, आणि घरात माझी दोन वर्षांची मुलगी. त्याच सुमाराला मुंबईच्या मोठ्या संग्रहालयातले एक गृहस्थ जुन्या वस्तू शोधत गावोगाव हिंडत होते. त्यांनी आमच्या अंगणात खांब पाहिला आणि नेऊ का म्हणून विचारलं. मी नुसतं हो म्हटलं नाही, मी तो स्वतः उचलून त्यांच्या जीपमध्ये टाकला. कुणाचा आहे, हे मी विचारलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. कागदावर माझं नाव लिहून सही मात्र घेतली. पीडा गेली, असं त्या दिवशी मी नवऱ्याला म्हणाले होते.

हे सगळं त्या माणसाला सांगायची माझी छाती झाली नाही. एवढंच सांगितलं की तुमचा देव मुंबईच्या संग्रहालयात असल्याचं माझ्या कानावर आहे. संग्रहालय म्हणजे काय, तेही सांगावं लागलं. साऱ्या जगातल्या जुन्या वस्तू एका मोठ्या घरात मांडून ठेवतात आणि लोक बघायला जातात. त्यानं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाला, वाघबारस आठ दिवसांवर आलीय, तू माला तिकडं ने. त्यांच्या बोलीत सगळ्यांना तूच म्हणतात. मी नेते म्हणाले. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार होते?

वाघबारशीला सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. त्यानं खांब पाठीवर बांधून आणायला काथ्याचा दोर घेतला होता, आणि करंडीत झाकून कोंबडा. कोयता कमरेला होताच. गाडीभर मी त्या कोयत्याकडे बघत होते.

संग्रहालयाच्या दारात पहारेकऱ्यानं तिन्ही वस्तू काढून घेतल्या आणि माझ्या हातात पितळी बिल्ला दिला. करंडीत काय आहे हे कळल्यावर दोघं पहारेकरी हसत सुटले. त्यानं त्यांना हसू दिलं. मला दोघांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

आत थंडगार, उंच छताचं दालन. पहिल्यांदा लागली ती हत्यारं. तलवारी, कट्यारी, भाले, वाघनखं, छातीशी भोक पडलेलं एक चिलखत. तो त्या भोकापाशी थांबला आणि आपलं बोट काचेवर बरोबर तिथं ठेवलं. हा मेला असणार, असं म्हणाला. पुढं परमुलखातल्या वस्तू होत्या. मिसरची लाकडी शवपेटी, चीनचे घट, कुठल्याशा देवळातून आणलेलं दगडी देवाचं नुसतं मुंडकं. मान जिथं तोडली तिथं छिन्नीचे घाव अजून दिसत होते. मी कार्डं वाचून दाखवत होते. त्याला देशांशी काही कर्तव्य नव्हतं. तो प्रत्येक वस्तूपाशी एकच विचारायचा, याचा मालक कुठं हाय. मुंडक्यापाशी त्यानं विचारलं, याचं धड कुठं हाय. मी म्हणाले, कार्डावर लिहिलेलं नाही. इतकी वर्षं रोज जखमा बघणारी मी, पण त्या दालनात मला पहिल्यांदा कळलं की इथल्या निम्म्या वस्तू कुणाच्यातरी अंगातून उपटलेल्या आहेत. शाळेत असताना सहलीला येऊन मी हेच सगळं शेंगदाणे खात बघितलं होतं.

शेवटच्या दालनात तो होता. काचेच्या पेटीत, भिंतीला पाठ लावून उभा.

त्याला ओळखायला मला क्षणभर लागला, कारण शेंदूर नव्हता. खरवडून, तेल पाजून त्यांनी त्याला लखलखीत केला होता. बापाच्या हातचा, वर्षावर्षाचा शेंदूर. उघडा पडला होता देव. माझ्या शेजारच्या माणसाचा श्वास मला ऐकू येत होता. त्यानं हात जोडले नाहीत की डोकं टेकवलं नाही. मला म्हणाला, "काय लिवलाय, वाच."

मी वाचलं. सागवानी कोरीव स्तंभ, डोंगरी जमातीची कला, बोईसर परिसर. खाली एक ओळ आणखी होती. भेट, आणि पुढं माझं पूर्ण नाव. तिथं मी थांबले. झालं, एवढंच आहे, असं म्हणाले.

त्यानं मान हलवली. मग दालनातल्या पहारेकऱ्याला हात जोडून सांगितलं की हा आमचा हाय, जरा उघड, मी त्याला घेऊन जातो. पहारेकऱ्यानं हसून त्याला दाराकडे बोट दाखवलं. बरं, नेत नाय, पण कोंबडा तरी देऊ दे, आज त्याचा दिवस हाय, असं तो म्हणाला. पहारेकऱ्यानं त्याच्या छातीला हात लावून मागं ढकललं.

पुढचं इतकं झटक्यात झालं की मी ओरडलेसुद्धा नाही. त्यानं उजव्या मुठीनं काच फोडली. दोन ठोसे. दुसऱ्याला हात कोपरापर्यंत आत गेला आणि काचेच्या दातांवर मनगट फाटलं. रक्त उसळून बाहेर आलं. मागं घ्यायच्या ऐवजी त्यानं हात आणखी आत घातला आणि ते रक्त वाघावर फासलं, डोक्यापासून शेपटीपर्यंत, शेंदूर फासतात तसं. ओठ हलत होते. पहारेकऱ्यानं मागून काठी घातली, पाठीवर, मग मानेवर. दुसरा धावत आला. त्यानं केस धरून ओढायला सुरुवात केल्यावर ह्यानं कोपर मागं हाणलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी ओळखते. मग दोघं मिळून त्याला खाली पाडून तुडवू लागले. एक पोराबाळांची सहल होती ती किंचाळत पळाली.

मी मध्ये घुसले. काठीवाल्याच्या मी अशी मुस्काटात मारली की त्याची टोपी काचेत जाऊन पडली. माझा हात दिवसभर झिणझिणत होता. एक काठी माझ्याही खांद्यावर बसली. मी ओरडून सांगितलं की मी नर्स आहे, शीर तुटलीय, हा इथं मेला तर तुमची नावं मी स्वतः पोलिसात देईन. तेव्हा ते थबकले. मी पदर फाडला, मनगटाच्या वर आवळला आणि दोन्ही हातांनी जखम दाबून धरली. तो भिंतीला टेकून बसला होता. मी त्याच्यासमोर गुडघ्यांवर.

अशा वेळी एक अधिकारी आला. चांगला शिकलेला, चष्मेवाला. फुटलेली पेटी बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. वस्तूवर हक्क कसला सांगता, असं तो म्हणाला, ही चोरून आणलेली नाही, रीतसर भेट मिळालीय. आणि आपलं म्हणणं सिद्ध करायला त्यानं पेटीतलं कार्ड उचलून शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. माझं नाव. गाव बोईसर.

तिथं मला नावानं कोण ओळखत होतं? एकच माणूस. दवाखान्याच्या दारावर कुणी हाक मारताना त्यानं ते दहा वेळा ऐकलं होतं.

माझे दोन्ही हात त्याच्या मनगटावर होते. सोडले तर रक्त सुटणार. मी मान खाली घालून म्हणाले, "मीच दिला. घरात लहान पोरगी, मी घाबरले होते. कुणाचा आहे ते विचारलंसुद्धा नाही."

 डाव्या हातानं त्यानं फरशीवरून एक कपची उचलली, वीतभर लांबीची. पहारेकरी पुढं सरकले, अधिकाऱ्यानं त्यांना हातानं थांबवलं. मला त्याचे शब्द आठवत होते. हात तोडीन. मी पळाले नाही, यात शौर्य काही नव्हतं. दाब सोडता येत नव्हता.

त्यानं माझी करंगळी बाजूला काढली, कपचीचं टोक तिच्यावर ठेवलं आणि चिरलं. अर्धा इंच. खोल. मग माझा तो हात धरून उठला, मलाही उठवलं आणि फुटक्या काचेतून माझं बोट वाघाच्या कपाळावर दाबलं.

"आता तुला पन ओळकील तो," तो मला म्हणाला. "तुज्या पोरीच्या वाटंला नाय जायाचा."

मला रडू कोसळलं. इतक्या माणसांसमोर, तोंड न झाकता मी रडले. पदर त्याच्या मनगटावर होता.

वाघदेव आम्हाला मिळाला नाही. दिलेली वस्तू मी परत मागते म्हणून मी त्या अधिकाऱ्याशी तासभर भांडले. त्यानं मला माझी सही दाखवली. पोलिसांना मात्र त्यानं बोलावलं नाही, आणि आम्ही निघालो तोवर कुणाला ते रक्तही पुसू दिलं नाही. नंतर पुसलंच असेल. दारात बिल्ला देऊन आम्ही दोर, कोयता आणि करंडी परत घेतली. कोंबडा जिवंत होता. त्याला आता कापायचं कारण उरलं नव्हतं.

आम्ही परतीची गाडी धरली. बोईसरच्या पुढं वाणगावला उतरून डोंगराकडे चालत जाणं त्याला सोयीचं, पण अशा हातानं एकट्याला सोडायला मी तयार नव्हते. डॉक्टरांचा दिवस होता, म्हणून त्याला बोईसरला उतरवून दवाखान्यात नेलं. वाटेत मी म्हणाले, बाबा, मी तुमच्याशी खोटं बोलले.

"तू वाचताना थांबली ना, तवाच कळला माला," तो म्हणाला. काच फोडायच्या आधी, म्हणजे. कोपर मागं हाणताना, माझे हात मनगटावर असताना, सगळा वेळ त्याला ठाऊक होतं.

मग हात का नाही तोडले, असं मी विचारलं. तो चालता चालता थांबला. करंडीतल्या कोंबड्याला त्यानं जरा सरळ केलं.

"तिचं टाकं काढायचं हायेत अजून," म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेले आणि टाके काढले. बाई हलली नाही. करंगळीला पट्टी होती, त्यामुळं चिमटा नीट धरवत नव्हता, आणि सव्वीस टाक्यांना मला बराच वेळ लागला.